रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मला होतंय काय?

प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली फाइल असते. आत ईसीजीची पट्टी, रक्त-लघवीचे कागद, कधी छातीचा एक्स-रे. माणूस खुर्चीच्या कडेवर टेकतो, पिशवी माझ्याकडे सरकवतो आणि म्हणतो, "मॅडम, सगळं नॉर्मल आहे म्हणतात. मग मला होतंय काय?"

मी समुपदेशक. पुण्याशेजारच्या पुनावळ्यापासून मोशीपर्यंतच्या बांधकामांवर मी गेली काही वर्षं रविवारी दुपारी जाऊन बसते. हा प्रश्न मी गवंड्याकडून ऐकलाय, सळई बांधणाऱ्या फिटरकडून, फरशीवाल्याकडून, लिफ्टच्या खड्ड्याशेजारी रात्र काढणाऱ्या वॉचमनकडूनही. शब्द थोडे बदलतात. मराठवाड्यातला माणूस "जीव घाबरा होतो" म्हणतो, विदर्भातला "कसंतरीच होते" म्हणतो, बिहारकडची पोरं "घबराहट" म्हणतात. खरं सांगायचं तर आमच्या पुस्तकांतल्या कुठल्याही शब्दापेक्षा हे तिन्ही शब्द नेमके आहेत. छाती धडधडते, हाताला मुंग्या येतात, श्वास पुरत नाही, घाम फुटतो, आता आपण मरणार असं वाटतं. दहा-पंधरा मिनिटांत हे सगळं टोकाला जातं आणि मग हळूहळू ओसरतं. दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल आलेला असतो.

आधी एक गोष्ट. तपासण्या केल्या हे बरोबरच केलं. छातीत दुखणाऱ्या माणसाला "टेन्शन आहे, सोडून दे" म्हणून परस्पर माझ्याकडे पाठवणाऱ्यांवर माझा राग आहे. हृदय, थायरॉइड, रक्त कमी असणं, साखर हे बघायलाच हवं. एप्रिल-मेच्या उन्हात उपाशीपोटी काम करणाऱ्याला नुसत्या पाण्याच्या कमतरतेनेही चक्कर येते. पण हे सगळं पाहून झालं असेल, तर "रिपोर्ट नॉर्मल" याचा अर्थ "तुला काही झालेलं नाही" असा होत नाही. ज्या यंत्राने शोधलं त्याला ते दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. माणूस खोटं बोलत नसतो, नाटक करत नसतो आणि वेडाही झालेला नसतो. हे तिसरं मी दर वेळी मोठ्याने सांगते, कारण न विचारलेला प्रश्न तोच असतो.

अशा अनेकांमधला एक माणूस मी आज सांगणार आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, दोन-तीन जणांच्या गोष्टी एकात मिसळल्यात. त्याला मी पहिल्यापासून "मिस्त्री" म्हणत आले, इथेही तेच म्हणते.

मिस्त्री नांदेड जिल्ह्यातला, मुखेडकडचा. वय चाळिशीच्या आसपास. परांचीवर, म्हणजे इमारतीला बाहेरून बांधलेल्या फळ्यांच्या मचाणावर, उभं राहून बाहेरचं प्लास्टर करणारा कारागीर, हाताखाली गावाकडची सात-आठ पोरं. काम स्क्वेअर फुटावर घ्यायचं, पोरांना हजेरीवर ठेवायचं, दर आठवड्याला खर्ची वाटायची, हिशोब सणाला. गावात चार भावांत मिळून शेत, "माझा चार आण्याचा वाटा" असं त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, म्हणजे रुपयाचे सोळा आणे धरून चौथा हिस्सा. ते मी कुठेतरी मनात टिपून ठेवलं. पुढे ते इतकं उपयोगी पडेल हे तेव्हा कळलं नव्हतं.

"चार महिने झाले," तो म्हणाला, "परांचीवर चढलं की छातीत कालवतंय. झोप लागंना झालीय. चारला डोळे उघडतात ते उघडेच. जेवण जाईना. ठेकेदार म्हणतो, मिस्त्री आता म्हातारा झाला."

चार महिन्यांपूर्वी काय झालं होतं, हे विचारल्यावर त्याने पिशवीची गाठ सोडली आणि परत बांधली. त्याचा मेव्हणा पडला होता. बायकोचा धाकटा भाऊ, बावीस वर्षांचा, बारावी करून गावात बसलेला. "पुण्याला घेऊन जा, हाताला काम लागेल" असं सासूबाई म्हणाल्या आणि मिस्त्रीने आणला. तिसऱ्या आठवड्यात परांचीची फळी सरकली. पोरगा वाचला, पण कमरेचं हाड मोडलं, आता गावाकडे काठी धरून चालतो.

सगळं उघड आहे असं मला वाटलं. अपघात पाहिला, उंचीची भीती बसली. मी ज्या पठडीत शिकले ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पठडी. घटना माणसाला जितकी छळते त्याहून जास्त त्या घटनेबद्दल तो स्वतःला जे सांगत राहतो ते छळतं, ही तिची धारणा, आणि माझी त्यावर अजून श्रद्धा आहे. आमच्या एक बाई शिकवताना म्हणायच्या, समोरच्याच्या बोलण्यातला 'च' शोधा. मराठीने आपल्या हातात हे एक अक्षर फार सोपं करून ठेवलंय. "मला जमायलाच हवं", "असं व्हायलाच नको होतं", "माझ्यामुळेच झालं". जिथे 'च' तिथे दुखतं.

मिस्त्रीचा 'च' शोधायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. "मीच आणला त्याला. माझ्यामुळेच पडला."

मग मी वाद घालायला बसले. तुम्ही काय त्याला ढकललंत का? तुमचा हेतू वाईट होता का? तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला दोष दिला असता का? मिस्त्री प्रत्येक प्रश्नाला मान डोलवायचा, "बरोबर आहे मॅडम, हो मॅडम." पुढच्या रविवारी येऊन सांगायचा, झोप तशीच आहे. तीन भेटी अशा गेल्या. त्याचं "हो मॅडम" म्हणजे पटलं असं धरणारी मी, आणि इंजिनिअरसमोर मान डोलवून खाली आल्यावर आपल्या पद्धतीने काम करणारा तो. साइटवर इतकी वर्षं बसूनही हे मला ओळखू आलं नाही, याची थोडी लाज वाटते.

चौथ्या भेटीत तो उशिरा आला. हाताला डांबर लागलेलं. "पत्रा गळत होता खोलीचा," म्हणाला, "वर चढून डांबर लावून आलो." मी बरं म्हटलं आणि पुढे बोलू लागले. पाचेक मिनिटांनी माझं मलाच कळलं की आपण काय ऐकलं.

"मिस्त्री, पत्र्यावर चढलात?"

"हो."

"धडधडलं?"

"नाही ना." त्यालाही नवल वाटलं. "तिथं काहीच नाही झालं."

"परांचीवर धडधडतं ते तुम्ही एकटे वर असताना, की पोरं वर असताना?"

लेबर कॅम्पच्या खोल्या पत्र्याच्या, शेजारच्या खोलीतली कूस बदललेली ऐकू येते. म्हणून आम्ही नेहमी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसायचो. मिस्त्री बराच वेळ टाकीच्या नळाकडे पाहत राहिला.

"पोरं," तो म्हणाला. "पोरं वर गेली की होतंय. म्हणून मी त्यांना खालीच ठेवतो. माल कालवा म्हणतो, पाणी मारा म्हणतो. वरचं सगळं मी एकटाच करतो."

म्हणजे गडी भित्रा नव्हता, उलट आठ जणांचं काम एकटा करत होता. काम मागे पडायचं, स्क्वेअर फूट भरायचे नाहीत, पोरांची हजेरी मात्र चालू, म्हणजे खिशातून. उचल वाढत गेलेली. झोप येत नाही म्हणून संध्याकाळी एक क्वार्टर सुरू झालेली. आणि रविवारी संध्याकाळी सासूबाईंचा फोन. तो फोन त्याने दीड महिना उचललाच नव्हता.

ही भीती पडण्याची नव्हती. परांचीवर चढणारं प्रत्येक पोर हे कुणाच्या तरी आईने त्याच्या हवाली केलेलं होतं. मी मात्र महिनाभर चुकीच्या मजल्यावर उभी राहून हाका मारत होते.

त्याच दिवशी मी त्याला सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?" हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरेल, असं वाटतं. तसं होत नाही. डोक्यात आधीच असलेलं बोलायला वाट मिळते. मिस्त्री म्हणाला, "मरावं असं नाही. पण हे थांबावं वाटतंय." एवढं मला पुरेसं होतं. त्याच आठवड्यात त्याला सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. काही महिन्यांसाठी गोळ्या सुरू झाल्या, बायकोला विश्वासात घेतलं, आणि ठेकेदाराला फक्त इतकंच सांगितलं की डॉक्टरांनी महिनाभर जमिनीवरचं काम सांगितलंय. ठेकेदाराने कारण विचारलं नाही. पाठदुखी असं समजला असावा, मीही खुलासा केला नाही.

'च' तरीही जागेवर होता. पुढच्या भेटीत मी वाद घालायचं सोडून दिलं आणि वही पुढे केली.

"मिस्त्री, तुम्ही कारागीर. ती परांची मला समजावून सांगा. कुणी बांधली, कशी बांधली, काय चुकलं."

माणूस बदलला. तोवर कट्ट्याच्या कडेवर बसणारा मिस्त्री वहीवर ओणवा झाला. उभे खांब काढले, आडवे काढले, फळी काढली. फळी एका टोकाला तारेने बांधली होती, दुसऱ्या टोकाला नुसती टेकवलेली. बाहेरच्या बाजूला कठडा नव्हता. खाली जाळी नव्हती. सेफ्टी बेल्ट होते, पण गोडाऊनमध्ये कुलपात, मोठे साहेब येणार असले की बाहेर निघायचे. पावसाच्या आत बाहेरचं प्लास्टर उरका म्हणून वरून रोज घाई. त्या दिवशी सात वाजून गेले होते, एकच हॅलोजन, तोही दुसऱ्या बाजूला. परांची बांधणारी टोळी वेगळी, त्यांची मजुरी थकलेली, म्हणून अर्धं काम टाकून गेलेली.

"शेतीचे वाटे आण्यांत सांगता ना? आता याचे वाटे पाडा," मी म्हटलं. "सोळा आणे. कुणाकडे किती?"

त्याने पेन्सिल कानामागे ठेवली, काढली, परत ठेवली. असे वाटे कुणी घाईने पाडत नाही. शेवटी ठेकेदाराला पाच आणे दिले. घाई करणाऱ्या बिल्डरच्या माणसाला चार. बेल्ट कुलपात ठेवणाऱ्या सुपरवायझरला तीन. फळी अर्धवट बांधणाऱ्याला दोन, "त्याचाबी पगार थकला होता, नाहीतर तीन दिले असते." एक आणा अंधाराला. मी हसले, तो हसला नाही.

पंधरा झाले. पेन्सिल थांबली.

इथे मला वाटलं, आलो. आता तो सोळावा आणाही कुणाला तरी देईल, 'माझ्यामुळेच' मधला 'च' गळून पडेल आणि माझी पठडी पुन्हा एकदा खरी ठरेल. मी म्हणालेही, "बघा, तुमच्याकडे काही उरतंय का?"

"एक आणा," तो म्हणाला. "एक माझा. फळी हलते हे मी दुपारी बघितलं होतं. म्हनलं उद्या बांधू."

हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. बोलून झाल्यावर तो रडला. आवाज न करता, पालथ्या हाताने डोळे पुसत. मी समजूत घातली नाही. घातली असती तर तो पुन्हा "हो मॅडम" म्हणाला असता.

त्या आण्यावर मी नंतर खूप विचार केला. मला तो पुसून टाकायचा होता. तीन भेटी मी जे "तुमचा काही दोष नाही" म्हणत होते ते त्याच्या कानाला खोटं लागत होतं, कारण त्याने ती फळी पाहिली होती. आणि थोडं खोटं बोलणाऱ्या माणसाचं बाकीचं खरंही कुणी धरत नाही. त्याला सोळा आणे सोसत नव्हते, शून्यही मान्य नव्हतं. एक आणा मात्र त्याला पेलणार होता. सोळा आणे फेडता येत नाहीत म्हणून माणूस फोन उचलत नाही, एक आणा फेडता येतो. हे मला कुठल्या कार्यशाळेत शिकायला मिळालं नाही. आता अपघातानंतर आलेल्या प्रत्येकाकडून मी वाटे पाडून घेते आणि त्याचा जो उरतो त्याला हात लावत नाही.

"मग हा एक आणा कसा फेडायचा?" मी विचारलं. उत्तर त्याच्याकडे तयार होतं, फक्त त्याला भीती होती. मेव्हण्याला काहीही भरपाई मिळाली नव्हती. तो आपल्याकडे कामाला नव्हताच, असं ठेकेदार म्हणत होता, हजेरीपत्रकात त्याचं नावच नव्हतं. पण मिस्त्रीच्या स्वतःच्या वहीत होतं. अठरा दिवस, रोजची खूण, दोन वेळा दिलेली खर्ची, पुढे पोराची सही.

इथे थोडं कायद्याचं सांगते, कारण समुपदेशकाने भावनांपुरतंच बोलावं हे मला मान्य नाही. ज्याच्या डोक्यावर दवाखान्याचं कर्ज आहे त्याला श्वासाचे व्यायाम शिकवून मी मोकळी होऊ शकत नाही. अपघात झाला तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात कामावरच्या इजेसाठी दोन वर्षांच्या आत दावा करता येत होता, आणि मजूर ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नव्हती. आता हे विषय नव्या कामगार संहितांत गेलेत, त्यामुळे आज काय करायचं ते कामगार कार्यालयात किंवा युनियनमध्ये विचारून घ्यावं. दुसरं, बांधकाम कामगारांसाठी १९९६ चे केंद्रीय कायदे झाले, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर लागू झाला, आणि महाराष्ट्रात २०११ साली कल्याणकारी मंडळ झालं. अठरा ते साठ वयाच्या, आधीच्या वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराची तिथे नोंदणी होते. मिस्त्रीच्या टोळीतल्या आठांपैकी एकाचीही नव्हती. नव्वद दिवसांचा दाखला द्यायला ठेकेदार कां-कू करतात, पोरं साइट बदलतात, कागद गावाकडे राहतात. तरी मागे लागून करून घ्यावी. आपलं नाव कुठेतरी लिहिलेलं आहे या एका गोष्टीने माणसाला किती धीर येतो, हे मी पाहिलंय.

सुपरवायझर आणि मुकादम हे वाचत असतील तर त्यांना थोडं. अपघातानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तीच टोळी त्याच परांचीवर चढवू नका. सकाळच्या सेफ्टीच्या बोलण्यात हेल्मेटच्या जोडीला काल काय घडलं तेही बोला, पडलेल्याचं नाव घेऊन बोला. कुणाचे हात थरथरत असतील तर "नाटकं करतो" म्हणण्याआधी त्याला खाली घ्या, पाणी द्या, त्याच्याशेजारी बसा. खाडा मांडू नका. हसतखेळत असणारा माणूस गप्प झाला, मोबाइल किंवा हत्यारं देऊन टाकू लागला, हिशोब अचानक मिटवू लागला तर त्याला एकटं सोडू नका आणि सरळ विचारा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशातल्या आत्महत्यांपैकी २६.४ टक्के रोजंदारीवरच्या माणसांच्या आहेत. सगळे बांधकामावरचे नसतील, पण ते आपल्याच भवताली राहतात.

घरच्यांनी "दारू सोड" एवढंच म्हणून भागत नाही. झोपेसाठी घेतलेली दारू पहाटे चारला माणसाला जागं करते, हे त्याला शांतपणे समजावावं लागतं. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत बंद करू नये. थरथर, भास, फिटही येऊ शकते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. आणि ज्यांना माझ्यासारखं कुणी टाकीच्या कट्ट्यावर भेटणार नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. साध्या फोनवरून लागतो. एक बोलायचं राहिलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता प्रचंड ताणाखालचा माणूस म्हणून पाहायचं ठरवलंय. पोलिसांच्या भीतीने दवाखाना लपवू नका.

मिस्त्रीने सासूबाईंना फोन केला तो माझ्यासमोरच, स्पीकर लावून. मला वाटलं होतं, शिव्या पडतील. त्या म्हणाल्या, "फोन का उचलंनास रे, तुला काही झालं का काय म्हणून जीव टांगणीला लागला होता." तो काही बोलला नाही, नुसता फोन हातात धरून बसला. मग मेव्हणा आला फोनवर. दोघं पाऊस-पाणी, बैल, सोयाबीन यावरच बोलले. पडल्याचा विषय निघाला नाही. तो विषय पुढच्या खेपेला निघाला, मिस्त्री गावी गेला तेव्हा, आणि फळीचं त्याने तिथेच सांगितलं. पोरगा काय म्हणाला हे त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

परांचीवर पोरं पुन्हा चढतात आता. आधी मिस्त्री स्वतः वर जाऊन प्रत्येक फळीचं दोन्ही टोक हाताने हलवून बघतो, मग हाक मारतो. धडधड पूर्ण गेली का? नाही. "येते अधूनमधून," तो म्हणतो, "आली की म्हणतो, ये, फळ्या मोजू." हे मी शिकवलेलं नाही. पण त्याचं श्रेय कुणी मला दिलं तर मी नाकारणार नाही.

दावा दाखल झाला, अजून चालू आहे. वकिलांनी वहीच्या झेरॉक्स मागितल्या होत्या. साक्ष दिली तर हा ठेकेदार पुढचं काम देणार नाही हे मिस्त्रीला माहीत होतं, दोन रविवार तो त्यावरच बोलला. तिसऱ्या रविवारी मूळ वहीच घेऊन आला. "झेरॉक्समध्ये पोराची सही नीट उठत नाही," म्हणाला. रिपोर्टच्याच त्या पिशवीत वही गुंडाळलेली होती, आणि ईसीजीची पट्टी त्याने खूण म्हणून त्या अठरा दिवसांच्या पानात घातली होती.